मगरे सिस्टरची पत्तागोबी

मगरे सिस्टर अंबडच्या बाजारात पत्तागोबी घ्यायला गेल्या की आधी भाजीवाल्याला वरची चार पानं काढायला लावायच्या. मग गड्डा उलटा करून दांड्याजवळ बोट घालून बघायच्या. आणि मग चौकशी सुरू व्हायची. गोबी कोणत्या गावची, कधी तोडली, पाणी विहिरीचं का नालीचं. एकदा भाजीवाला वैतागून म्हणाला, "सिस्टर, गोबी घेऊन राह्यल्या का सोयरीक जमवून राह्यल्या?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सोयरीक मोडता येते. पोटात गेलेलं काढता येत न्हाई."

कोर्टाच्या मागे आमची कॉलनी. आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. सरकारी दवाखान्यात त्या स्टाफ नर्स होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची नोकरी संपायला पाच-सहा वर्षं उरली असतील. उंच, सडसडीत, केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. नवरा आधीच वारलेला, मुलगी संभाजीनगरला बँकेत. पुढच्या खोलीत बुद्धाची पितळी मूर्ती, तिच्यासमोर रोज ताजं फूल. एवढं मोठं घर आणि त्यात एकट्या त्या.

त्यांचा कशावरच पटकन विश्वास बसायचा नाही. दूधवाल्याला विचारायच्या, "म्हशीनं पाणी पिलं का तुम्ही दुधाला पाजलं?" गोळ्यांचं पाकीट उजेडासमोर धरून तारीख वाचायच्या, आणि ती एखाद्या महिन्यावर आली असली तर दुकानदाराला परत द्यायच्या. कुणी म्हणालं, अंगात ताप आहे, तर विचारायच्या, थर्मामीटर कुणाचा? एकच प्रश्न त्या तीन वेळा तीन तऱ्हांनी विचारायच्या. मी एकदा विचारलं, असं का करता? म्हणाल्या, "लोकं खोटं बोलत न्हाईत, सीमा. अर्धं सांगतात. राह्यलेलं अर्धं काढावं लागतं."

त्यांच्या या संशयानं एक माणूस वाचला हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. आमच्या समोर एक निवृत्त तलाठी राहायचे. त्यांचे गुडघे दुखायचे. कुठल्याशा जडीबुटीवाल्याकडून त्यांनी पुडी आणली आणि पंधरा दिवसांत ते जिना चढायला लागले. जो तो त्या पुडीचा पत्ता विचारायला लागला. सिस्टर मात्र फाटकात उभ्या राहून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "काका, तोंड का गोल झालं? गुडघ्याची पुडी तोंडाला कशी लागली?" काकांना राग आला. सिस्टर रोज फाटकात जाऊन उभ्या राहायच्या. शेवटी काकूंनी त्यांना गुपचूप एक पुडी दिली, ती त्यांनी डॉक्टरांना दाखवली. साखर तपासली तर ती भलतीच चढलेली. जडीबुटीत स्टेरॉइड मिसळलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. पुड्या हळूहळू बंद केल्या, काका पुन्हा लंगडायला लागले, पण जगले.

त्यामुळं औषधाच्या बाबतीत सिस्टरचा शब्द म्हणजे शेवटचा. आमच्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्या दर गुरुवारी आमच्या ओट्यावर बसून सिस्टरकडून बीपी मोजून घ्यायच्या. सिस्टर सांगतील तेवढंच मीठ खायच्या. सिस्टरना चहा द्यायच्या, सगळ्यांच्या कपात द्यायच्या, हेही खरं आहे.

पण सिस्टरच्या घरून काही आलं तर ते आम्ही खात नव्हतो. बुद्ध पौर्णिमेला त्या खीर पाठवायच्या. आत्या दोन्ही हातांनी पातेलं घ्यायच्या, "कशाला एवढा तरास," म्हणायच्या, आणि सिस्टर फाटकाबाहेर गेल्या की खीर परसातल्या पत्र्याच्या टोपल्यात जायची. कॉलनीत फिरणाऱ्या एका गायीसाठी ते टोपलं ठेवलेलं होतं. पहिल्या वर्षी मी विचारलं. आत्या म्हणाल्या, "औषध येगळं, अन्न येगळं." दुसऱ्या वर्षी मी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी सांगायच्या आधीच मी टोपल्याकडं गेले.

सिस्टरना हे कळत होतं का? त्या दुसऱ्या दिवशी कधी विचारायच्या नाहीत की खीर कशी झाली. एरवी एक गोष्ट तीनदा विचारणारी बाई.

माझी नणंद मनीषा सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा ऊन अगदी तापलेलं होतं. तिला जेवण जात नव्हतं. तिला डोहाळे लागले होते ते भलत्याच गोष्टीचे. संभाजीनगरला एका बर्गरच्या दुकानात वाटीभर पांढरी, गार, आंबटगोड पत्तागोबी मिळते, ती. "वहिनी, कोलस्लॉ म्हणतात तिला. तेवढीच खावीशी वाटून राह्यलीय." नवऱ्याकडून तिनं मेयोनीजची बाटली मागवून घेतली आणि मला म्हणाली, आपण घरीच करू.

सिस्टर तिचं बीपी बघायला आल्या तेव्हा ती बाटली टेबलावर होती. त्यांनी चष्मा लावला आणि मागचे बारीक अक्षरातले शब्द वाचायला लागल्या. बराच वेळ वाचत होत्या.

"मनीषा, याच्यात काय काय हे वाचलं का?"

"न्हाई."

"मी पस्तीस वर्षं औषधांची नावं वाचून राह्यले. याच्यातली निम्मी मलाबी कळंनात. आन तू हे लेकराला पाजणार?" मग बाटली बाजूला ठेवून म्हणाल्या, "मला येते कोलस्लॉ. डोहाळजेवणाला मी करून आणते."

आत्या दारात उभ्या होत्या. ऐकून त्या आत वळल्या.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी सिस्टरनी मला बोलावलं. "उद्या मला दुपारची ड्युटी हाय. कशी करतात ते बघून घे, म्हंजे पुढं तिला तूच करून देशील." त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच गेले. आत पाय टाकायच्या आधी त्यांनी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, आणि मी पुसायला पदर घेतला तर तो हातातून काढून घेऊन धुतलेला पंचा दिला.

गोबीचं एकेक पान त्यांनी वेगळं केलं. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि घड्याळात वेळ बघितली. मग उकळून गार केलेल्या पाण्यानं दोनदा धुतलं. मी म्हटलं, गोबीतली अळी डोक्यात जाते म्हणतात, म्हणून आमच्याकडं कच्ची खात नाहीत. "अळीचं काय घेऊन बसलीस," त्या म्हणाल्या. "अळी डोळ्याला दिसते. घाण पाण्यातनं आन न धुतलेल्या हातातनं जे येतं ते दिसत न्हाई. त्याला भ्यावं." पानं कोरडी करून, एकावर एक ठेवून त्यांनी शेवयांसारखी बारीक चिरली. गाजर किसलं. दोन्हीला मीठ चोळून अर्धा तास ठेवलं आणि मुठीत घट्ट पिळून सगळं पाणी काढलं. रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का, घरची साय, मोहरीची ताजी पूड, लिंबू, चिमूटभर साखर, मिरे. एवढंच. वाटीत फेटून मला चाखायला दिलं.

मी चाखलं. घरचं कुणी बघत नव्हतं, म्हणून असेल. चांगलं लागलं.

"मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगला होते ना, तिथं शिकले," त्या म्हणाल्या. "केरळच्या मेट्रन होत्या. रविवारी मेसमधी स्वतः करायच्या, आन पातेलं घेऊन पंगतीतनं फिरायच्या. एकाच पातेल्यातनं सगळ्या पोरींना. मी सतरा वर्षांची होते. तोपर्यंत मला असं कुणी वाढलं नव्हतं." बोलता बोलता त्यांनी फ्रिज उघडून आतला गारवा हातानं तपासला, कारण त्यांचा त्या फ्रिजवरही विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या स्टीलचा मोठा डबा घेऊन आल्या. मनीषाच्या हातात नारळ ठेवला. डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "सरळ फ्रिजमधी. वाढायच्या टायमालाच काढायची." जाताना अंगणात थबकल्या. तिथं पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी फरशीवर ठेवून फोडणं चाललं होतं. "बर्फ कुठला?" त्यांनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, कारखान्यातला. "पिण्याचा का माल थंड ठेवायचा?" त्याचं उत्तर कुणाला माहीत नव्हतं. "मठ्ठ्यात टाकू नका," म्हणाल्या आणि ड्युटीवर गेल्या. ऊन एवढं होतं की बर्फ मठ्ठ्यात टाकला गेलाच.

पानं वाढायची वेळ झाली तेव्हा मी फ्रिजमधून डबा काढला. आत्यांनी माझ्या हातातून घेतला आणि आतल्या खोलीत तांदळाच्या कोठीमागे ठेवला.

"आत्या, तिचा डोहाळा हाय तो."

"गावाकडच्या बाया आल्यात, घनसावंगीहून जीप करून. पानात काय वाढलं, कुणाच्या हातचं वाढलं, ते उद्या भावकीत जाईल. मनीषाला सांग, संपली."

मनीषानं दोनदा विचारलं. मी सांगितलं, संपली. ती हिरमुसली, मग हसून म्हणाली, "सगळ्यांना आवडली म्हणायची." तीन वाजता बाया गेल्यावर मी डबा टोपल्यात रिकामा केला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पाठोपाठ आत्यांना. माझ्या नवऱ्यानं रिक्षा आणली. दवाखान्यात पोचलो तर कॉलनीतल्या चार बाया आधीच तिथं, आणि तासाभरात घनसावंगीकडच्या तिघी जीपनं आल्या. सिस्टरची त्या दिवशी सकाळची ड्युटी होती. त्यांनी आधी मनीषाला घेतलं. सलाईन लावलं, पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. "ठोके बराबर हायेत," म्हणाल्या आणि पुढच्या कॉटकडे गेल्या.

बाहेरच्या बाकावर शेजारच्या सुनंदाकाकू बसल्या होत्या. आदल्या दिवशी सिस्टरनी डबा आणला तेव्हा त्या अंगणातच होत्या. त्यांना थोडंच झालं होतं, त्यामुळं बोलायला ताकद होती. "कच्ची गोबी होती ना. दह्यात कालवलेली. मी तवाच म्हणलं, ह्या उन्हात कच्चं कशाला. आन आता काय बोलावं, कुणाच्या घरचं काय असतं." दार उघडं होतं. सिस्टरनी ऐकलं. त्यांचा हात सलाईनच्या नळीवर होता, तो थांबला नाही. थेंब मोजून झाले, हात धुतले, एप्रनच्या खिशातून छोटी वही काढली आणि त्या पहिल्या कॉटपाशी गेल्या.

"काल काय काय खाल्लं? आठवून सांगा. पुरी?"

"खाल्ली."

"भाजी? भात? मठ्ठा?"

"मठ्ठा दोन गिलास."

"पत्तागोबी? पांढरी, दह्यातली?"

"न्हाई बा. माझ्या पानात आलीच न्हाई."

दुसरी कॉट. तेच प्रश्न. मठ्ठा हो, गोबी नाही. तिसरी. चौथी. मी मनीषाच्या उशाशी गरम पाण्याचा थर्मास धरून उभी होते आणि मला कळत होतं की आता काय होणार. पाचव्या बाईजवळ त्यांनी प्रश्न फिरवून विचारला, पंगतीत कुणाच्या पानात दिसली का? बाई म्हणाली, दिसली नाही. सहावी, सातवी. वहीवर पेन आता हळू चालत होतं.

मनीषा म्हणाली, "मला मिळालीच न्हाई सिस्टर. वहिनी म्हणली, संपली."

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग कोपऱ्यातल्या कॉटकडं बघितलं. आत्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. त्यांना मात्र सिस्टरनी काहीच विचारलं नाही. वही बंद केली, डॉक्टरांना जाऊन सांगितलं, "मठ्ठा सगळ्यांनी पिलाय सर. बर्फाचं काम दिसतंय." आणि आत्यांच्या कॉटशी येऊन त्यांना ओआरएसचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. आत्या प्यायल्या.

दोन दिवसांत सगळ्या बऱ्या झाल्या. मनीषालाही काही झालं नाही. पण कॉलनीत एकच गोष्ट राहिली, की सिस्टरच्या गोबीनं बाया आजारी पडल्या. एका बाईनं सांगितलं, मी खाल्ली म्हणूनच मला झालं. तिच्या पानात गोबी गेलीच नव्हती, पण तिला आता चवही आठवत होती. तलाठीकाकूंनीसुद्धा आवाज खाली करून मला विचारलं, "गोबी शिळी होती का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. गोबीनं कुणाला काही झालं नाही हे सांगायचं, तर गोबी वाढलीच नाही हे सांगावं लागलं असतं. आणि का वाढली नाही, हेही.

आठ दिवसांनी मी डबा परत द्यायला गेले. डब्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं, वि. मगरे. तो मी तीनदा घासला होता. त्यांनी आत बोलावलं नाही, दारातच घेतला आणि झाकण उघडून आत बघितलं.

"कुठं टाकली?" त्यांनी विचारलं.

"टोपल्यात. गायीच्या."

"गायीनं खाल्ली?"

"खाल्ली."

"गाय आजारी पडली का?"

"न्हाई."

"मंग." त्या डबा घेऊन वळल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, सिस्टर, लोक काय बोलून राहिलेत ते तुम्हाला माहितीये, मी सगळ्यांना खरं सांगते. त्या थांबल्या. आवाज चढवला नाही.

"काय सांगशील? मगरे सिस्टरच्या हातचं कुणी खाल्लं न्हाई, हे? ते कशाला गावभर करू. आत्ता लोकांना वाटतंय, त्यांनी माझ्या हातचं खाल्लं. वाटू दे." आणि दार लावून घेतलं.

मी गप्प बसले. मला ते सोयीचंच होतं.

मनीषाला मुलगी झाली. डबा कुठं गेला, हे दवाखान्यातून आल्यावर तिनं एकटीनं माझ्याकडून काढून घेतलं होतं. बारशाला ती हट्टाला पेटली, "सिस्टरची कोलस्लॉ पाहिजेच, आन ती मीच वाढणार." आत्या म्हणाल्या, कर तुला काय करायचं ते. पण सिस्टरच नाही म्हणाल्या. "मी करणार न्हाई. ह्या वेळी कुठं टाकतात ते बघायला यायचं का मी?" बारशालाही आल्या नाहीत. त्या दिवशी पंगतीत सुनंदाकाकू गमतीनं म्हणाल्या, "आज गोबी न्हाई ना, मंग निवांत जेवा." मनीषाच्या मांडीवर बाळ होतं. ती म्हणाली, "काकू, त्या दिवशीबी नव्हती. कोठीमागं होती. नंतर गायीला घातली."

कुणीच विचारलं नाही, का.  सगळ्या पानात बघून जेवत राहिल्या. आत्या वाढता वाढता थांबल्या आणि आत निघून गेल्या.

हे सिस्टरच्या कानावर गेलं. पुढचे दोन गुरुवार त्या बीपी मोजायला आल्या नाहीत. आत्या ओट्यावर बसून वाट बघायच्या आणि कुणाला विचारायच्या नाहीत. मग एका सकाळी मनीषा बाळाला घेऊन त्यांच्या घरी गेली, लसीचं विचारायचं निमित्त करून. दुपार झाली तरी आली नाही म्हणून मी बघायला गेले. दार उघडं होतं. बाळ बुद्धाच्या मूर्तीसमोर सतरंजीवर झोपलेलं आणि आत मनीषा पाटावर बसून वाटीतून कोलस्लॉ खात होती. सिस्टर समोर उभ्या राहून, हाताची घडी घालून, प्रत्येक घास गिळला जातोय का हे बघत होत्या. नाडी मोजताना बघतात, तसं. मी उंबऱ्यावर उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं. माझ्यासाठी वाटी काढली नाही. मीही मागितली नाही.

पुढच्या गुरुवारी त्या बीपी मोजायला आल्या. आत्यांनी चहा पुढं केला. सिस्टर म्हणाल्या, "आता चहा सोडलाय मी." त्या तलाठीकाकूंकडं चहा घ्यायच्या, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. आत्यांनी तो कप तसाच आत नेला. परत कधी विचारलं नाही.

नोकरी संपल्यावर सिस्टरनी घर विकलं आणि मुलीकडं जायचं ठरवलं. सामान टेम्पोनं पुढं गेलं. त्या मात्र एसटीनं निघाल्या, टेम्पोवाल्याच्या गाडी चालवण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. मी शाळेत शिकवते, त्या दिवशी अर्धी सुट्टी काढली. सकाळी उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, केळीच्या पानात बांधली आणि स्टँडवर गेले. माझ्या हातचं त्यांना द्यायची ती पहिलीच वेळ. इतक्या वर्षांत चहा सोडून मी त्यांना काही दिलं नव्हतं, हे मला ते बांधताना कळलं.

बस लागलेली होती. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी पुडकं वर दिलं. त्यांनी घेतलं, मांडीवर ठेवलं.

"दशम्या हायेत. दुधातल्या," मी म्हटलं. "रस्त्यात खा."

"बरं."

 त्यांनी विचारलं, मनीषाची मुलगी बसायला लागली का? मी सांगितलं, लागली. कंडक्टरनं घंटी वाजवली. बस मागे सरकून वळायला लागली. तेवढ्यात मी बघितलं की त्यांनी पुडक्याचा दोरा सोडलाय आणि पान थोडंसं उघडून त्या आत बघतायत. मग बस फाटकातून बाहेर पडून जालन्याच्या रस्त्याला लागली, आणि त्यांनी पुढं काय केलं ते मला दिसलं नाही.